एका खोलीवरची माती

२२ एप्रिल १९६३, सोमवार. सकाळपासून धाब्यावर माती टाकायचं काम चाललं होतं.

आमचं घर धाब्याचं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर अंथरलेल्या तुराट्या आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर उन्हाळ्यात तिच्यावर नवा थर द्यावा लागतो. दिला नाही तर पावसाळाभर गळतीखाली पातेली मांडून बसायचं. मी घरातली मोठी सून, तेव्हा पस्तिशीची. हे काम माझ्याकडे होतं, कारण मालकांना उंचावर चक्कर येई आणि गड्यांना उताराचं भान नसे. गडी शिडीवरून टोपल्या वर देत होता. मी माती पसरत होते, पाणी शिंपडत होते आणि चोपण्याने बडवत होते. ऊन तापायच्या आत अर्धं धाबं उरकायचा बेत होता.

माती यायची ती साखरखेर्ड्याच्या वाटेवरच्या टेकाडावरून. टेकाड फार उंच नाही, बैलगाडी सहज चढते. भोवती काळ्या दगडांचं मोठं कडं, त्यातले निम्मे दगड गावात ज्याच्या त्याच्या दारात पायरी होऊन बसलेले. आमच्या भागात जमीन दोन रंगांची. काळीत पिकतं आणि पांढरीत माणसं राहतात. गाव उठून गेलं की भिंती ढासळतात आणि मागे पांढरी माती उरते. टेकाड पांढरं, म्हणजे तिथे कधीकाळी गाव असणार, आणि ते दगड त्याची गावकूस, असं सगळेच धरून चालले होते. घरांची माती घरांवर घालायची, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. पहिली कुदळ मारण्याआधी तिथे हळदकुंकू वाहायचं, एवढाच रिवाज. शिवाय ती माती एकदा चोपली की पाणी खाली जाऊ देत नाही. काळी माती भेगाळते. नाल्यातला गाळ पन्हाळीतून वाहून अंगणात येतो. गावात देवळापासून शाळेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर त्या टेकाडाचा थोडा थोडा भाग होता.

माझी धाकटी नणंद त्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी आलेली होती. नववा सरत आला होता. तिचं सासर मलकापूरकडचं, कौलारू घर. पहिल्या दोन खेपांना सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. दोन्ही मुलं तिकडेच झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. या खेपेला सासूबाईंनी भांडून आणवून घेतलं होतं. आमच्या घराच्या मागच्या आळीत दाई राहायची. नणंद स्वतः, तिचे भाऊ, माझी मुलं, सगळी त्या दाईच्या हातची. माजघराच्या डाव्या हाताच्या खोलीत आमच्याकडची बाळंतपणं होत. त्या खोलीत झालेलं एकही मूल गेलं नव्हतं. आमचा सगळा भरवसा त्या खोलीवर होता.

माझं चोपणं चालू असताना टेकाडाच्या बाजूने एक जीप आली आणि वाटेवरचं पहिलं घर म्हणून आमच्या दाराशी थांबली. उन्हाने नाक सोललेला एक तरुण साहेब उतरला. जुन्या वस्तूंच्या सरकारी खात्यातला. त्याने पाणी मागितलं. नणंद तांब्या आणायला आत गेली, आणि त्याचं लक्ष अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे गेलं. तो सरळ ढिगाशी उकिडवा बसला.

“ही माती कुठली?”

मालक म्हणाले, “पांढरीवरची. पुढं टेकाड हाये ना, तठची.”

“ती जागा आता संरक्षित आहे. आजच फलक लावलाय. तिथली माती यापुढे आणता येणार नाही.”

“काऊन? जुनं गाव होतं तठी. आमची पांढर हाये ते.”

“गाव नव्हतं हो. ते दफनाचं ठिकाण आहे. दगड गोलाकार मांडलेत ना, ते त्यासाठीच.” बोलता बोलता त्याची बोटं ढिगातून फिरत होती. त्याने खापराचा एक तुकडा काढला, पुसून बाजूला ठेवला. मग बोटाच्या पेराएवढं काहीतरी तळहातावर घेतलं. “हे बघा. हाड. लहान मुलाचं असावं. मुलांना डेऱ्यात घालून पुरायचे.”

कापडवाल्याने ठाण उलगडून दाखवावं तसं त्याने ते दाखवलं. नणंद तांब्या धरून त्याच्या समोर उभी होती.

त्याने वर पाहिलं, तिचं पोट पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. भला माणूस होता. घाईघाईने म्हणाला, “फार जुनं आहे हो हे. दोन-तीन हजार वर्षं झाली असतील.”

सासूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, “जुनं झाल्यानं मेलेलं जितं होते का साहेब?”

त्याने हाड कापसात गुंडाळून खिशात ठेवलं, पाणी प्यायला आणि निघून गेला. मी वरून सगळं पाहिलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की अर्धं धाबं राहिलं आणि आता माती मिळणार नाही.

संध्याकाळी नणंदेने आपली बाज उचलायला लावली आणि अंगणातल्या लिंबाखाली टाकली.

“आत उकडते,” ती म्हणाली.

उकडत होतंच, म्हणून कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जेवायलाही आत आली नाही. ओसरीवरही नाही, कारण ओसरीवरही धाबंच. लिंबाची सावली फिरली की तीही बाज ओढत फिरायची. सकाळी झाडाच्या मावळतीला, दुपारी बुडाशी, कलत्या उन्हात विहिरीच्या बाजूला. तिला स्वस्थ बसवत नव्हतं आणि तिला पाहून आम्हालाही. सासूबाई दळता दळता उठून दारात येऊन उभ्या राहायच्या. मी चुलीवर दूध ठेवून बाहेर पाहायला जायची आणि दूध उतू जायचं.

गावात बातमी पसरली होती. विहिरीवर एकीने मला विचारलं, “तुमच्या घरी हाड निघालं म्हणे?”

“तुमच्या बी निघन. उकरून पाहा.”

तिने उकरलं नाही. कोणीच उकरलं नाही. दोन-चार घरांवर लिंबू-मिरची लटकली, एवढंच. पारावर म्हातारे हसत होते. एक म्हणाला, “सात पिढ्या निजल्या या मातीखाली, काही झालं का त्याईले?” दुसरा म्हणाला, “सातही मेल्या ना बुवा.”

मी नणंदेला समजवायला गेले. ती घाबरली आहे असं मी धरून चालले होते. बाळंतपणाच्या तोंडावर बाई घाबरते, आणि घाबरलेल्या माणसाला हिशेब समजावून सांगितला की ते निवळतं, असा माझा समज.

“अव, नुसतं धाबंच नाई,” मी म्हटलं. “भिंतीले तीच माती हाये. चुलीले तीच. तुही माय दर दिवाळीले त्याच मातीनं पोतेरं करते. याच चुलीवरचं खाऊन तू एवढी झाली.”

याचा परिणाम असा झाला, की तिने आमच्या चुलीवरचं खाणं बंद केलं. गूळ-शेंगदाणे आणि पाणी. नवव्या महिन्यात ते कसं चालणार? मग मी अंगणात तीन दगड मांडले आणि तिच्यापुरता वेगळा स्वयंपाक भर उन्हात करू लागले. ते दगड कुठले हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एकदा मी चिडून बोलले, “तिकडं तं कौलं होती ना? मग तिकडची काऊन गेली?”

ते खरं होतं, पण बोलून काही उपयोग नव्हता. ती उठली, बाज दोन हात पुढे ओढली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

भावाला मात्र ती म्हणाली, “दादा, मले सासरी पोचवून दे.”

सासर म्हणजे बैलगाडीने फाट्यापर्यंत, मग मोटार, मग पुन्हा गाडी. मालकांनी दाईला बोलावलं. दाई मुसलमान, साठीच्या पुढची, हाताने मोठी आणि तोंडाने त्याहून. तिने लुगड्याचा आडोसा धरायला लावून झाडाखालीच पोट चाचपलं.

“गाडीत बसली तं गाडीतच होईन,” ती म्हणाली. “मंग मले कोणत्या फाट्यावर बोलावता ते आताच सांगून ठेवा.”

सासरी जाणं तिथेच संपलं. लिंबाखालून उठणं मात्र झालं नाही.

शुक्रवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे आखाजीला वाडवडलांच्या नावाने मातीच्या घागरी भरतात. पाण्याने भरलेली घागर, तोंडावर खरबूज, बाजूला सांजोरीचा नैवेद्य. आमच्या घरी दोन भरायच्या. त्या वर्षी सासूबाईंनी कुंभाराकडून तीन आणल्या.

“त्याईले कोणाचं पाणी भेटलं नसन इतक्या सालात,” त्या म्हणाल्या. “एक त्याईच्या नावानं भर.”

मालक पाटावर बसले होते. “नाव काय घेऊ?”

“त्याईचंच घे.”

“त्याईचं नाव कोणाले माहीत हाये, माय?”

“तुह्या बापाचं तरी नाव घेतो का तू? बाबाच म्हणतो ना? तसंच म्हण काही.”

“त्याईले बाबा म्हणू?”

“लेकरं होती म्हणला ना तो साहेब? मंग बाळ म्हण.”

चाळिशीचा माणूस पाटावर बसून घागरीला ‘बाळांनो’ म्हणाला आणि पळीने पाणी सोडलं. मला हसू आलं होतं, मी तोंडात पदर धरला. नणंद लिंबाखालून बघत होती. तिने सांजोरी खाल्ली, आंब्याचा रस घेतला. सासूबाई मोठ्या समाधानाने दारात उभ्या राहिल्या. “चाल आता आत. झालं त्याईचं.”

ती उठली नाही.

त्या दुपारी झळा जास्तच होत्या. लिंबाचा पाला हलत होता तोही गरम. दाई पुन्हा येऊन गेली. तिने पोट पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. “डोकं खाली उतरलं. आता जास्त दिवस नाई. आन् एक सांगते, मी झाडाखाली बाळंतपण करत नाई. झळ लागते लेकराले. कुत्रे हिंडतात.”

“तुम्हीच सांगा ना तिले,” मी म्हटलं. “तुमच्यात तं पुरतातच.”

“आमच्यात कबरीची माती घरात आणत नाईत, बेटा. पण तुम्ही आणली तं आणली. माह्या घरावर बी तीच हाये. मुर्दे काही बोलाले येत नाई. जिते बोलतात, त्याईचाच ताप.” एवढं बोलून ती गेली.

मग मी बाजेपाशी जाऊन खाली बसले. आतापर्यंत मी तिला सांगत होते. विचारलं नव्हतं.

“भेव कायचं वाटते तुले? सरळ सांग.”

“भेव नाई वाटत, वैनी.”

“मग?”

तिने बाजेची सुतळी ओढली. मग म्हणाली, “माह्या दोघाईले नाल्याच्या काठी नेलं. मले जागा दाखवली नाई. मायले दाखवत नाई म्हणतात. तठची बी माती नेत असतीन लोकं टोपल्यानं. कोणाच्या धाब्यावर पडली असन. अन् मी दुसऱ्याची लेकरं डोक्यावर टाकून निजू, अन् तिसरं मागू?”

भुताला लिंबू असतं, मिरची असते, घागर असते. यात भूत नव्हतंच. तिचं म्हणणं एवढंच, की वर जे आहे ते आपलं नाही. आणि ते खरं होतं. मी दर वर्षी स्वतःच्या हाताने ते तिथे चोपून बसवलं होतं, म्हणून ते माझं होत नव्हतं.

सगळं घर उतरवणं शक्य नव्हतं. एक खोली, बाळंतपणाची, उतरवता येण्यासारखी होती.

“त्या खोलीवरची काढून टाकू,” मी म्हटलं.

“अन् माती?”

“जिथली तिथं नेऊ.”

“पुरी?”

“तुराट्या दिसतवर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करते आहे का हे ती बघत होती. मग म्हणाली, “तसं असन तं येते आत.”

शनिवारी उजाडताच मी कुदळ-फावडं घेऊन वर चढले. मालक शिडीच्या पायथ्याशी उभे. “येडी झाली का तू? भरल्या घरावरचं धाबं उतरवते का कोणी? आठवड्याआधी त्याच्यावरच माती टाकून राह्यली होती.”

“ती खोली राह्यली होती. बरंच झालं.”

“माय काय म्हणन?”

सासूबाई आतून म्हणाल्या, “माय काही म्हणत नाई. माय मेली म्हणा.” आणि तोंड फिरवून बसल्या.

मालक बडबडत राहिले, पण टोपल्या घ्यायला उभे राहिले. अर्ध्या शिडीवर त्यांना चक्कर येत नसे.

कुदळीखाली थर सुटू लागले. वरचे माझे, त्याखालचे सासूबाईंचे, त्याखालचे त्यांच्या सासूचे. भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक, मधे काळसर रेघा, पावसाळ्यात उगवून सुकलेल्या गवताच्या. एका थराची जाडी जेमतेम बोटभर. दुपारी सासूबाईंचा राग ओसरला आणि त्या खाली टोपल्या बघायला आल्या. एक पातळ पापुद्रा हातात घेऊन म्हणाल्या, “हे दुष्काळाच्या सालचं. तवा हातात जीव नव्हता.” एका टोपलीत हिरव्या बांगडीचा तुकडा आला, तो त्यांनी ओळखला नाही. हाडाचेही दोन-चार तुकडे निघाले. मी ते वेगळे काढले नाहीत, मातीबरोबरच टाकले. कोणतं माणसाचं आणि कोणतं शेळीचं हे मला कळण्यासारखं नव्हतं.

पहिली गाडी भरली तशी मी आणि मालक टेकाडाकडे निघालो.

टेकाडाच्या वाटेवर नवा फलक उभा होता आणि हिवराच्या सावलीत नवा पहारेकरी. शेजारच्या गावचा माणूस, छातीवर बिल्ला, हातात छत्री. आम्हाला पाहून तो उठला.

“थांबवा गाडी. माती नेता येत नाई आता.”

मालक म्हणाले, “नेऊन नाई राह्यलो. आणून राह्यलो.”

याचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याने गाडीभोवती फेरी मारली, मातीत बोट खुपसलं.

“इथलीच दिसते.”

“इथलीच हाये,” मी म्हटलं. “आमच्या धाब्यावरची. जिथली तिथं टाकू द्या.”

“जिथली म्हंजे कुठली? उगवतीची का मावळतीची? वरची का खालची? साहेब सांगून गेले, कायच्या खाली काय हाये तेच पाह्यतात म्हणे ते लोकं. तुम्ही आणून टाकली तं खालचं वर होते.”

“न्यायले बंदी, अन् आणायले बी बंदी?”

“हालवायलेच बंदी हाये बाई. फलक वाचा.”

मी वाचला. “नेऊ नका लिहिलं हाये. आणू नका कुठी लिहिलं?”

“कोणी आणन असं त्याईले वाटलं नसन.”

माणूस बरोबर बोलत होता, हीच अडचण होती. टेकाडाच्या कुशीत आमच्या गावाने आजवर केलेली खदान दिसत होती. बैलगाडी उभी राहील एवढी. कोणती टोपली त्यातल्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे देवही सांगू शकला नसता.

“तुमच्या धाब्यावर कुठली माती हाये?” मी त्याला विचारलं.

“आमच्या गावची.”

“तुमच्या गावाले कुठी हाये पांढर?”

तो छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिला, मग हसला. “इथूनच नेत होतो. पण ते फलकाच्या आधी.”

बैल मान हलवत होते, ऊन चढत होतं, आणि घरी ती झाडाखाली बसलेली. मी म्हटलं, “हे पाहा भाऊ. घरी पोटुशी बाई हाये. ही माती इथं आल्याबिगर ते घरात पाय ठेवत नाई. मी वापस घेऊन जाणार नाई. तुम्हीच सांगा कुठी टाकू.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. फलकाच्या अलीकडे, गाडीवाटेवर, दोन खोल चाकोऱ्या आणि मधे खड्डा होता. “तठी टाका. ते फलकाच्या बाहीर येते. साहेबाची जीप फसली होती त्या दिवशी, मलेच ढकला लागली.”

मालकांनी गाडी उलटी लावली. माती चाकोऱ्यांत पडली, पहारेकऱ्याने स्वतःच पायाने सारखी केली. मालकांनी टोपी काढली, घाम पुसला आणि परत घातली. घामासाठीच काढली असावी.

रविवारी दुपारपर्यंत खेपा चालल्या. तुराट्या उघड्या पडल्या आणि खोलीत जमिनीवर उन्हाचे कवडसे आले. मी वर ज्वारीचा कडबा दाट पसरला, त्यावर ओली पोती टाकली. आत झाडलं, पाणी शिंपडलं, बाज टाकली. भिंती होत्या तशाच होत्या. भिंतींचं तिने काढलं नव्हतं, मीही काढलं नाही.

शेवटची गाडी रिकामी करून आम्ही परतलो तेव्हा नणंद लिंबाभोवती फेऱ्या मारत होती. एक हात कमरेवर, एक झाडाला. दाई ओसरीच्या कडेला बसून सुपारी कातरत तिच्याकडे लक्ष ठेवून होती.

“झाली पुरी?” नणंदेने विचारलं.

“पुरी.”

“कुठी टाकली?”

खोटं बोलता आलं असतं. पण पहारेकऱ्याकडून चार दिवसांत गावभर झालंच असतं. मी म्हटलं, “फलकाच्या बाहीर, वाटेवर. सरकार आत टाकू देत नाई. त्याईच्या दाराशी टाकली.”

ती थांबली. वाटेवर म्हणजे गाड्यांच्या चाकाखाली, हे तिच्या लक्षात येणार, आणि मग ती पुन्हा बाजेवर बसणार, असं मला वाटलं. पुढे काय बोलायचं ते मी जुळवत होते आणि जुळत नव्हतं. तेवढ्यात तिला कळ आली. ती झाडाला धरून वाकली. कळ गेली तशी सरळ झाली.

“दारात तं दारात,” ती म्हणाली, आणि चालत आत गेली.

दाईने सुपारी तोंडात टाकली आणि तिच्यामागे गेली. मला म्हणाली, “पाणी ठेव. अन् कोणत्या चुलीवर ते सांगू नोको.”

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. लवकर रडली नाही. दाईने पाय धरून उलटी केली, पाठीवर दोन चापट्या मारल्या, मग रडली आणि थांबेना. “गळा पाहा हिचा,” दाई म्हणाली. “कोतवालाले दवंडी द्यायचं काम नाई राह्यलं.” नणंदेने एकदाच वर पाहिलं, कडब्याकडे. पोरीला जवळ घेतलं.

कोणी फारसं हसलं-बोललं नाही. आधीची दोन्ही जन्मताना अशीच रडली होती. सगळ्यांच्या मनात महिना होता. आणि माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. सव्वा महिना ती त्या खोलीतून हलणार नव्हती. सव्वा महिना म्हणजे मृग. कडब्यातून पाऊस सरळ बाजेवर येणार, आणि पांढरी माती त्या खोलीवर पुन्हा घालायची नाही हे ठरलेलं होतं. घालायची म्हटली तरी पहारेकरी देणार नव्हता.

“आता काय टाकशीन वरून?” सासूबाईंनी जेवताना विचारलं.

“पत्रे.”

“पत्रे? घरावर? कापसाच्या जिनिंगवर टाकतात ते?”

“तेच.”

“तापन ना व.”

“वरून कडबा ठेवू. तापलं तं तापलं. गळणार तं नाई.”

“अन् उद्या मेहकरले कशी जाशीन? सोयर हाये घरात. दुकानात शिवाशिव होईन.”

“पत्र्याले सोयर लागत नाई, आत्याबाई,” मी सासूबाईंना म्हटलं.

मालक हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळूच त्या खोलीत गेले. दोघी झोपल्या होत्या. पोरीच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. मग सुंभ काढला, भिंतीलगत धरून खोलीची लांबी मोजली, गाठ मारली. रुंदी मोजली, दुसरी गाठ मारली. सुंभ गुंडाळून पिशवीत टाकला, वर दोन भाकरी ठेवल्या आणि मेहकरची पहिली मोटार गाठायला फाट्याकडे निघाले.